हक्काची मदत, निष्ठेची किंमत

तुर्कस्तानच्या १९८२ सालच्या राज्यघटनेतले ६२ वे कलम परदेशात राबणाऱ्या नागरिकांसाठी आहे. त्यांची कुटुंबे एकत्र राहावीत, मुलांचे शिक्षण व्हावे, सांस्कृतिक गरजा भागाव्यात, सामाजिक सुरक्षा मिळावी, मायदेशाशी नाते तुटू नये आणि परतायचे ठरवले तर हातभार लागावा, यासाठी सरकारने उपाय योजावेत असे ते सांगते. हे कलम नुसते शोभेचे नाही. तुर्कस्तानचे परराष्ट्र खाते देशाबाहेरच्या तुर्कांची संख्या ६५ लाखांहून अधिक सांगते. त्यांतले बहुतेक पश्चिम युरोपात राहतात आणि एकट्या जर्मनीत तुर्की वंशाचे सुमारे ३० लाख लोक आहेत. त्यांच्यासाठी अंकारात वेगळे सरकारी खाते आहे. मायदेशातून इमाम आणि शिक्षक जातात, शिष्यवृत्त्या दिल्या जातात, दूरचित्रवाणीच्या वाहिन्या चालतात, मतदानाची सोय होते. आपल्या माणसांची इतकी काळजी घेणाऱ्या सरकारचे खरे तर कौतुक व्हायला हवे. पण बर्लिन, व्हिएन्ना, पॅरिस या राजधान्यांत या मदतीकडे संशयाने पाहिले जाते, आणि खुद्द परदेशस्थ तुर्कांतही तिच्यावरून दोन तट आहेत. या संशयाचे मूळ मदतीत नाही, मदतीच्या मोबदल्यात मागितल्या जाणाऱ्या निष्ठेत आहे, असे मला वाटते. आणि ही निष्ठा मागण्याची सवय सध्याच्या राज्यकर्त्यांच्याही आधीची आहे.

सुरुवात झाली ती मनुष्यबळाच्या करारापासून. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणारे कामगार पश्चिम जर्मनीला मिळेनासे झाले. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तिने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. पुढच्या काही वर्षांत ऑस्ट्रिया, बेल्जियम, नेदरलँड्स, फ्रान्स आणि स्वीडन यांच्याशीही असेच करार झाले. इस्तंबूलमधल्या जर्मन भरती कार्यालयात दात, छाती, रक्त तपासून माणसे निवडली जात आणि आगगाडीने म्युनिकला रवाना होत. मूळ करारात मुक्कामाची मुदत दोन वर्षांची होती. माणसे कमावून परततील आणि त्यांच्या जागी नवी येतील, असा हिशेब दोन्ही सरकारांनी मांडला होता. शिकवून तयार केलेली माणसे दर दोन वर्षांनी परत पाठवणे कारखानदारांना परवडेना, म्हणून १९६४ मध्ये ती अट गेली. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलसंकटाच्या वेळी जर्मनीने भरतीच थांबवली. आता एकदा परतलो तर पुन्हा येता येणार नाही, हे कामगारांनी ओळखले आणि बायकामुलांना तिकडेच बोलावून घेतले. भरती थांबली आणि वस्ती वाढली, ती अशी.

या पहिल्या टप्प्यात अंकाराची नजर माणसांपेक्षा त्यांच्या पगारावर होती. १९६३ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेत परदेशी पाठवलेले कामगार म्हणजे देशातल्या बेकारीवर उतारा आणि परकीय चलनाचा झरा, असेच गणित होते. सत्तरीच्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी घरी पाठवलेली रक्कम वर्षाला अब्ज डॉलरच्या वर गेली. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला हा मोठाच आधार होता. तरीही याच काळात काही गोष्टी नीट मार्गी लागल्या. जर्मनीशी १९६४ मध्ये सामाजिक सुरक्षेचा करार झाला आणि एका देशातली नोकरीची वर्षे दुसऱ्या देशात पेन्शनसाठी धरली जाऊ लागली. १९८५ च्या कायद्याने परदेशातल्या नोकरीच्या वर्षांची वर्गणी भरून तुर्की पेन्शन घेण्याची सोय झाली. सक्तीच्या लष्करी सेवेऐवजी परकीय चलनात ठरावीक रक्कम भरण्याची सवलत १९८० च्या सुमारास आली. २०१६ मध्ये ती रक्कम हजार युरोपर्यंत खाली आणली गेली. या सगळ्या सोयींत एक गुण समान आहे. अर्जदार कोणत्या पक्षाचा, कोणत्या पंथाचा, मशिदीत जातो की नाही, हे कोणी विचारत नाही. कागदपत्रे पुरी असली आणि पैसे भरले की काम होते. या मदतीवरून युरोपात कधी वादळ उठले नाही, यातच बरेच काही आले.

सप्टेंबर १९८० मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली आणि चित्र बदलले. डावे, कुर्द, कामगार संघटनांचे कार्यकर्ते, लेखक, कलावंत मोठ्या संख्येने युरोपात आश्रयाला गेले. कालपर्यंत चलन धाडणारा परदेशस्थ समाज सेनाधिकाऱ्यांना आता धोक्याचा वाटू लागला. १९८१ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात या धोरणाची दोन्ही तोंडे एकदम दिसतात. एका हाताने तिने दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली, म्हणजे जर्मनीत रुजलेल्या कामगाराला मायदेशाचे नागरिकत्व सोडावे लागू नये. दुसऱ्या हाताने तिने परदेशात राहून राज्याच्या सुरक्षेविरुद्ध वागणाऱ्यांचे नागरिकत्व काढून घेण्याचा अधिकार सरकारला दिला. चित्रपट दिग्दर्शक यिलमाझ ग्युने आणि लोकप्रिय गायक जेम कराजा यांना १९८३ मध्ये त्याचा फटका बसला. कराजा १९८७ मध्ये परतू शकले. ग्युने १९८४ मध्ये पॅरिसमध्ये वारले.

धर्माच्या बाबतीतही हेच झाले. पहिल्या पिढीच्या कामगारांनी कारखान्यांच्या आवारात, जुन्या गोदामांत स्वतःच नमाजाच्या जागा काढल्या होत्या. तिथे कोण प्रवचन देते यावर कोणाचे नियंत्रण नव्हते, आणि राजकीय इस्लाम मानणाऱ्या गटांनी त्यांतल्या बऱ्याच जागांवर जम बसवला होता. त्यांना शह म्हणून १९८४ मध्ये कलोन शहरात दितिब ही संस्था उभी राहिली. तुर्कस्तानात धर्मव्यवहार पाहणारे सरकारी खाते दियानेत. त्याची स्थापना ३ मार्च १९२४ ची, म्हणजे जवळजवळ प्रजासत्ताकाइतकेच ते जुने. दितिबच्या मशिदींत येणारे इमाम याच खात्याचे पगारी नोकर असत. आज या संस्थेच्या छत्राखाली जर्मनीत नऊशेवर मशिदी आहेत. मूलतत्त्ववाद्यांपेक्षा सरकारी इमाम बरा, असे म्हणून जर्मन अधिकाऱ्यांनी या व्यवस्थेचे त्या वेळी स्वागतच केले. धर्मनिरपेक्षतेची शपथ घेतलेल्या सेनाधिकाऱ्यांनी ही व्यवस्था उभी केली, हा विरोधाभास पुढे आणखी गडद झाला. युरोपातल्या काही तुर्की इमामांचे पगार काही काळ सौदी अरेबियाच्या जागतिक मुस्लिम लीगने भागवले होते, हे पत्रकार उगुर मुमजू यांनी १९८७ मध्ये उघड केले. थोडक्यात, मशिदीमार्फत परदेशस्थ समाजाला हाताशी धरण्याची कल्पना सध्याचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांची नव्हे. त्यांना ती आयती मिळाली.

एर्दोगान यांनी तिचा विस्तार केला आणि सूर बदलला. पूर्वी परदेशस्थ कामगार हा एक प्रश्न होता. आता तो परराष्ट्र धोरणाचे भांडवल झाला. २००७ मध्ये तुर्की भाषा-संस्कृतीच्या प्रसारासाठी युनूस एमरे प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच्या संस्थेचे पहिले केंद्र २००९ मध्ये सारायेव्होत उघडले. ६ एप्रिल २०१० रोजी परदेशस्थ तुर्क आणि आप्त समाज यांच्यासाठीचे अध्यक्षालय अस्तित्वात आले. तुर्की आद्याक्षरांवरून त्याला वायटीबी म्हणतात. त्याची कामे तीन प्रकारची आहेत : परदेशात राहणारे तुर्की नागरिक, बाल्कन ते मध्य आशिया या पट्ट्यातले भाषा-इतिहासाने जवळचे समाज, आणि तुर्कस्तानात शिकायला येणारे परदेशी विद्यार्थी. शनिवार-रविवारच्या तुर्की शाळांना अनुदान, लहान मुलांसाठी द्विभाषिक वर्ग, भेदभावाविरुद्ध कायदेशीर काम करणाऱ्यांना साहाय्य, तरुणांच्या मायदेशभेटी, अशा योजना हे खाते चालवते. जर्मन नागरिकत्व घेण्यासाठी ज्यांनी रीतसर तुर्की नागरिकत्व सोडले, त्यांना ‘निळे कार्ड’ मिळते. राहणे, नोकरी, मालमत्ता, वारसा हे हक्क त्याने शाबूत राहतात. मतदान आणि सरकारी पद मात्र मिळत नाही. आपल्याकडच्या ओसीआय कार्डाची ज्यांना माहिती आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

या मदतीची गरज खरी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर १९९२ मध्ये मोल्न गावात आणि मे १९९३ मध्ये झोलिंगेनमध्ये तुर्की कुटुंबांची घरे पेटवण्यात आली. दोन्ही ठिकाणी मिळून आठ जण मेले, सगळ्या स्त्रिया आणि मुली. पुढे २००० ते २००६ या काळात एका नवनाझी टोळीने स्थलांतरित समाजातले नऊ जण गोळ्या घालून मारले. त्यांतले आठ तुर्की वंशाचे होते. पोलीस मात्र कित्येक वर्षे मृतांच्या कुटुंबांतच गुन्हेगार शोधत राहिले. टोळीचा पत्ता लागला तो २०११ मध्ये. ज्या समाजाला यजमान देशाच्या पोलिसांवर भरवसा ठेवता येत नाही, तो मायदेशाच्या वकिलातीकडे पाहणारच. तुर्कस्तानशी आप्तसंबंध असलेल्या समाजांची कहाणी तर याहून बिकट. बल्गेरियाच्या साम्यवादी राजवटीने १९८४-८५ च्या हिवाळ्यात तुर्कांना स्लाव्ह नावे घ्यायला भाग पाडले आणि १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक लोक सीमा ओलांडून तुर्कस्तानात आले. स्टालिनने नोव्हेंबर १९४४ मध्ये जॉर्जियातून मध्य आशियात हाकललेल्या अहिस्का तुर्कांवर १९८९ मध्ये फरगाणा खोऱ्यात पुन्हा हल्ले झाले. त्यांना वसवण्यासाठी तुर्कस्तानने १९९२ मध्ये खास कायदा केला. युक्रेनच्या पूर्व भागात लढाई पेटल्यावर २०१५ पासून तिथल्या अहिस्का कुटुंबांना आणून एर्झिंजान आणि बित्लिस प्रांतांत घरे दिली. ज्यांना दुसरे कोणीच नव्हते, त्यांना या राज्याने छप्पर दिले. या कामाला नावे ठेवणे कठीण आहे.

बिघाड सुरू होतो तो मदतीला अटी चिकटतात तेव्हा. २००८ मध्ये कलोनच्या सभेत एर्दोगान यांनी परक्या समाजात पुरते विरघळून जायला लावणे हा मानवतेविरुद्धचा गुन्हा असल्याचे सांगितले. २०११ मध्ये द्युसेलडोर्फला त्यांनी मुलांनी आधी तुर्की शिकावे आणि मग जर्मन, असे मत मांडले. ही मते वादाची असतील, पण मतेच होती. पुढचे मात्र कृतीत उतरले. इस्लामी धर्मोपदेशक फेथुल्ला गुलेन यांच्या चळवळीच्या परदेशातल्या शाळांचे एकेकाळी तुर्की मुत्सद्दीच कौतुक करीत. १५ जुलै २०१६ च्या फसलेल्या उठावाचा ठपका सरकारने त्या चळवळीवर ठेवला आणि तिच्याशी संबंध असल्याच्या संशयावरून असंख्य लोकांचे पासपोर्ट रद्द झाले. काल ज्या वकिलातीत जन्माची नोंद करायला जायचे, तिथे आज पाऊल टाकायची भीती वाटू लागली. मार्च २०१८ मध्ये कोसोव्होतून सहा तुर्की नागरिकांना गुपचूप उचलून नेण्यात आले आणि तिथल्या पंतप्रधानांनी आपल्या गृहमंत्र्याला व गुप्तचर प्रमुखाला बडतर्फ केले. त्याच वर्षी मोल्दोव्हातून शिक्षकांना नेले गेले, आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१९ मध्ये ही कारवाई बेकायदा ठरवली. जर्मनीत दितिबच्या काही इमामांनी गुलेन समर्थकांची माहिती मायदेशी कळवल्याचे खुद्द संस्थेला मान्य करावे लागले. फौजदारी चौकशी २०१७ अखेर बंद झाली, पण शेजारी बसून नमाज पढणाऱ्याच्या मनात एकदा शिरलेली शंका अशी बंद होत नाही. मशीद, शाळा आणि वकिलात या तिन्हींतून मदतही मिळते आणि पाळतही ठेवली जाते, असे लोकांना वाटू लागले की मदत नासते.

शिवाय या मदतीच्या चौकटीत सगळे मावत नाहीत. युरोपात गेलेल्यांत कुर्द आणि अलेवी पंथाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. दियानेतचा इमाम सुन्नी पद्धतीचा असतो. अलेवींना त्याचा उपयोग नाही. त्यांनी जर्मनीत स्वतःचे महासंघ उभे केले आणि अनेक राज्यांच्या शाळांत आपल्या पंथाचे धर्मशिक्षण अधिकृतपणे सुरू करून घेतले, तेही मायदेशाच्या मदतीवाचून. ‘परदेशस्थ तुर्क’ म्हणून सरकार ज्याला हाक मारते, तो माणूस सरकारने मनात आधीच रंगवलेला असतो : सुन्नी, तुर्कीभाषक, राष्ट्राभिमानी. बाकीच्यांना मदतीचा मार्ग कायद्याने बंद नाही, पण त्यांच्यासाठी कोणी दार उघडून उभेही नाही.

या मांडणीवर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की सगळीच राष्ट्रे हे करतात. फ्रान्सच्या लोकसभेत २०१२ पासून परदेशस्थ फ्रेंच नागरिकांचे अकरा प्रतिनिधी आहेत, इटलीतही अशा राखीव जागा आहेत, जर्मनीची गटे संस्था जगभर जर्मन शिकवते. मग तुर्कस्तानलाच बोल का? उत्तर याच उदाहरणांत आहे. फ्रान्स आणि इटलीने परदेशस्थांना आपला खासदार निवडून सरकारला जाब विचारण्याची सोय दिली. तुर्कस्तानने त्यांना मत दिले, जागा दिली नाही. १९८७ पासून परदेशस्थांना सीमेवरच्या जकात नाक्यांवर मत देता येई. राहत्या देशात मतदान सुरू झाले ते ऑगस्ट २०१४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत. वेळ आधी ठरवून घेण्याच्या किचकट पद्धतीमुळे तेव्हा परदेशी केंद्रांवर जेमतेम आठ टक्के मतदान झाले. २०२३ मध्ये परदेशातल्या नोंदलेल्या मतदारांची संख्या ३४ लाखांच्या घरात होती आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांनी मत दिले. पण संसदेच्या निवडणुकीत ही मते देशातल्या मतदारसंघांत वाटून मिसळली जातात. कलोनच्या तुर्काच्या अडचणी संसदेत मांडायला कलोनचा असा कोणी प्रतिनिधी नसतो. त्याचे मत उपयोगाचे आहे, म्हणणे मात्र मांडायला कोणी नाही.

दुसरा आक्षेप यजमान देशांवर उलटतो. पाहुणे कामगार म्हणून बोलावलेल्यांना जर्मनीने चाळीस वर्षे नागरिक मानले नाही, १९८३ मध्ये तर परत जाणाऱ्या कामगारांना १०,५०० मार्क देऊ केले. दुहेरी नागरिकत्वाची सर्वसाधारण मुभा तिथे २७ जून २०२४ रोजी आली. तुर्की शिकवायला शाळा तयार नव्हत्या, इमाम घडवायला विद्यापीठे तयार नव्हती. ती पोकळी अंकाराने भरली, तर दोष कोणाचा? आक्षेप रास्त आहे. फुटबॉलपटू मेसुत ओझिलची गोष्ट याच पोकळीतली. २०१८ मध्ये एर्दोगान यांच्यासोबत छायाचित्र काढल्यावर त्याच्यावर टीकेची झोड उठली आणि विश्वचषकानंतर वर्णद्वेषाचा आरोप करून त्याने जर्मनीचा संघ सोडला. एका बाजूला छायाचित्रासाठी उभे करणारे सरकार, दुसऱ्या बाजूला एका छायाचित्रावरून आपलेपणा काढून घेणारा समाज, आणि मधे गेल्झेनकिर्शनमध्ये जन्मलेला मुलगा. पण यजमानाची चूक म्हणून मायदेशाची चूक माफ होत नाही. उलट दोघांच्या चुका एकमेकींना खतपाणी घालतात. मार्च २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे अधिकार वाढवणाऱ्या घटनादुरुस्तीवरच्या सार्वमताच्या प्रचारासाठी निघालेल्या तुर्की परराष्ट्रमंत्र्यांचे विमान नेदरलँड्सने उतरू दिले नाही आणि रॉटरडॅमला पोचलेल्या कुटुंबकल्याण मंत्र्यांना सीमेपार नेऊन सोडले. दोन्ही देशांच्या राजकारण्यांना त्यातून हवे ते मिळाले. डच शाळेत दुसऱ्या दिवशी जाणाऱ्या तुर्की मुलाला काही मिळाले असेल, असे वाटत नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या एका समजुतीला छेद देतो. अंकारा मदत देऊन मते विकत घेते, असे युरोपात सर्रास बोलले जाते. २०१७ च्या सार्वमतात घटनादुरुस्तीच्या बाजूने एकूण ५१.४ टक्के मते पडली, तर जर्मनीत ६३ आणि नेदरलँड्समध्ये ७१ टक्के. पण त्याच सार्वमतात अमेरिकेत बाजूने सुमारे १६ टक्के आणि ब्रिटनमध्ये २० टक्केच मते होती. तुर्की सरकार आणि त्याच्या योजना दोन्हीकडे त्याच. फरक आहे तो माणसे कुठून, का आणि कधी गेली याचा. जर्मनीत अनातोलियाच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या कामगारांची मुले-नातवंडे आहेत. अमेरिकेत शिकलेला शहरी वर्ग गेला, ब्रिटनमध्ये कुर्द आणि अलेवी बरेच आहेत. म्हणजे मते अनुदानाने फिरत नाहीत. मतदाराला स्वतःची बुद्धी असते आणि स्वतःचा इतिहासही. हे मान्य केले की माझा मुद्दा कमजोर होत नाही, उलट नेमका होतो. निष्ठा मागून सरकारच्या पदरात फारसे काही पडत नाही. किंमत मोजतो तो मदत घेणारा. त्याच्या मशिदीवर छापा पडतो, त्याच्या भाषेच्या वर्गाकडे वाकड्या नजरेने पाहिले जाते, त्याच्या शेजाऱ्याचा पासपोर्ट रद्द होतो.

आता यजमान देश आपापली दारे लावू लागले आहेत. ऑस्ट्रियाने २०१५ च्या कायद्याने मशिदींना नियमितपणे येणारा परदेशी पैसा बंद केला. फ्रान्सने २०२४ पासून परदेशी सरकारांच्या पगारी इमामांना मज्जाव केला. जर्मनीने डिसेंबर २०२३ मध्ये दियानेत आणि दितिब यांच्याशी बोलून वेगळी वाट काढली : मायदेशातून इमाम येणे टप्प्याटप्प्याने थांबायचे आणि दरवर्षी शंभर इमाम जर्मनीतच घडवायचे. तिन्हींत हा मार्ग शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात मशीद राहते आणि सरकारी हुकूम तेवढा जातो. हीच कसोटी अंकारानेही लावावी. पेन्शन, पासपोर्ट, निळे कार्ड आणि भाषेचे शिक्षण या सेवा राजकारणापासून तोडून स्वायत्त मंडळाकडे द्याव्यात. परदेशस्थांना संसदेत स्वतःच्या जागा द्याव्यात. आणि सरकारवर टीका करणाऱ्याचे वकिलातीतले काम अडणार नाही, याची कायद्याने हमी द्यावी. ६२ व्या कलमात नागरिकांची काळजी घ्यायला सांगितली आहे. त्या बदल्यात काही मागायला कुठेही सांगितलेले नाही.